पूर्ण एक मिनिट

त्या दिवशी दुपारी दोनपासून साडेपाचपर्यंत आत्याने मला ४१ वेळा विचारले, "किती वाजले रे?"

हा आकडा अंदाजाचा नाही. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होतो. चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी, बँकेत नोटांची बंडले मोजताना मारायचो तशा. आठ गठ्ठे झाले आणि वर एक रेघ उरली. त्याच वहीच्या पहिल्या पानावर, लाल शाईची चौकट आखून, मी निवृत्तीनंतरच्या दिवसाचे वेळापत्रक लिहिले होते. पाच ते सहा प्रार्थना आणि शास्त्रवाचन. सहा ते सात नेहरू पार्कला फेऱ्या. दहा ते एक मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, इतिहासाचे लेखन, दोन ते पाच तेच, दुसरे सत्र. बायकोने ते पान वाचले आणि म्हणाली, "यात भाजी कधी आणणार ते लिहिलेलं नाही."

मंडळीचा इतिहास हे माझे जुने खूळ. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदूरला काम सुरू केले. पुढे दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज आले. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून मिलमध्ये काम शोधत इथे आले ते त्याच्या बऱ्याच नंतर. पण आल्या रविवारी ते ज्या बाकावर बसले, त्या बाकावर आजही आमचेच कुणीतरी बसते. आराधना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत आणि भांडण दोन्हीत, असा आमचा तीन पिढ्यांचा संसार. जुन्या बैठकांची रजिस्टरे एका लोखंडी पेटीत आहेत. आधी वळणदार इंग्रजी, मग हिंदी, मधेच कुणा हट्टी सेक्रेटरीची चार पाने मोडीवळणाच्या मराठीत. बँकेत असताना वाटायचे, सुटलो की हे सगळे लिहून काढायचे. सुटलो. आणि दुपारच्या दुसऱ्या सत्रात पलीकडच्या खाटेवरून प्रश्न येऊ लागला.

आत्या आता ८६ वर्षांची आहे. वडिलांची सर्वांत धाकटी बहीण, लग्न केले नाही, सगळी नोकरी नर्सची. गॅसवर दूध ठेवून दोनदा विसरली तेव्हा तिला आम्ही आमच्याकडे आणले, त्याला चार वर्षे झाली. मला ती आठवते ती कडक पांढऱ्या गणवेशातली, डाव्या छातीवर घड्याळ टाचलेली. ते घड्याळ उलटे असायचे. समोरच्याला बाराच्या जागी सहा दिसत, तिने हनुवटी खाली घेतली की तिला मात्र सुलट. लहानपणी मला वाटे की आत्याची वेळच वेगळी आहे, ती आपल्याला दिसू नये म्हणून अशी उलटी लावलेली आहे.

तिच्याकडे शिकाऊ नर्स मुली यायच्या. नाडी मोजताना पंधरा सेकंद मोजून चौपट करणारी मुलगी तिला चालत नसे. "पूर्ण एक मिनिट मोजायचं. मधे ठोका चुकला तर कळणार कसं?" आणि अशा मुलीला ती नावच ठेवायची, 'चौपट'. इंदुरात हा शब्द दोन्हीकडे लागतो, मराठीत चारपट आणि हिंदीत सत्यानाश, त्यामुळे बिचारीला दोन्हीकडून बसायचा.

एकदा, मी अकरा वर्षांचा असेन, तिने मला उज्जैनला नेले. इंदुराहून तास-दीड तासाची बस. ख्रिस्ती माणूस उज्जैनला कशाला जातो, असे शेजारच्या काकूंनी विचारलेही. आम्ही गेलो वेधशाळा बघायला. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली, शिंद्यांनी १९२३ मध्ये डागडुजी केलेली. आपले जुने ज्योतिषी रेखांश मोजायला सुरुवात करायचे ती या गावापासून. सम्राट यंत्राची तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या वाकड्या पट्ट्यांवर सरकणारी सावली तिथल्या माणसाने दाखवली. आत्याने सावलीवर वेळ वाचली, हनुवटी खाली घेऊन घड्याळ पाहिले आणि कपाळाला आठी घातली. अर्ध्या तासाच्या आसपास फरक. तो माणूस हसला. घड्याळातली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेची, म्हणाला. सूर्य तिथून इथे यायला सुमारे २७ मिनिटे घेतो, शिवाय ऋतूप्रमाणे थोडे कमीजास्त. म्हणजे आपल्या माळव्यात घड्याळात बारा वाजतात तेव्हा खऱ्या दुपारला अजून अर्धा तास असतो.

आत्याने विचारले, "मग पेशंटला गोळी कुठल्या वेळेनं द्यायची?"

त्याला उत्तर सुचले नाही. परतीच्या बसमध्ये आत्या बराच वेळ गप्प होती आणि गांधी हॉलचे घंटाघर दिसल्यावर तिने आपल्या घड्याळाला चावी दिली, जणू काही झालेच नाही.

मराठीत एक गंमत आहे. 'वेळ काढणे' याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. तुझ्यासाठी वेळ काढला म्हणजे कामातून ओढून, खेचून आणला. स्टेशनवर कसाबसा वेळ काढला म्हणजे नको असलेला वेळ निवारला. देणे आणि टाळणे यांना आपण एकच क्रियापद लावले आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात कुठला अर्थ आहे हे ऐकणाऱ्याला सुरावरून ओळखावे लागते. "आत्याजवळ बसून वेळ काढतोय," असे मी फोनवर एका मित्राला म्हणालो. तो म्हणाला, "वा, फार चांगलं करतोयस." मी त्याला दुरुस्त केले नाही.

आमच्याकडे ३१ डिसेंबरला रात्री चर्चमध्ये उपासना असते. बाहेर फटाके सुरू झाले की आत बारा वाजल्याचे कळते. त्या रात्रीचे प्रवचन बहुधा नव्वदाव्या स्तोत्रावर. मोशेची प्रार्थना. आयुष्य सत्तर वर्षे, फार तर ऐंशी. दिवस गणायला शिकव म्हणजे शहाणपण येईल. यंदा प्रवचन चालू असताना मी खरोखरच गणले. सवय जात नाही. सत्तर वर्षांचे दिवस साधारण २५,५६७. मी ६१ चा. सत्तरीला उरले ३,२८७, त्यांतले रविवार ४७० च्या आत. ऐंशी गाठली तर आणखी ३,६५० च्या वर. आकडे समोर आले तेव्हा शहाणपण काही आले नाही, घाई आली. घरी येऊन ती लाल चौकट आखली.

त्या प्रवचनात दरवर्षी एक उदाहरण येते, पंडिता रमाबाईंचे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी केडगावला सगळे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणले. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. काम संपले, दिवस संपले. पाळकांना याहून चांगला दाखला कुठून मिळणार? मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी, जिच्या हाती मुक्ती मिशन सोपवायचे त्यांच्या मनात होते, ती मात्र जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. हे प्रवचनात येत नाही. त्या नऊ महिन्यांत साठी ओलांडलेली, कान गेलेली ती बाई रोज सकाळी मुद्रिते कशी उघडत असेल, याचा विचार माझ्या मनात येतो. पाळक तोवर दुसऱ्या मुद्द्यावर गेलेले असतात.

रेव्हरंड टिळक तर मुळीच येत नाहीत. कारण उघड आहे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ ला गेले तेव्हा ५७ वर्षांचे होते, म्हणजे आज माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य साडेदहा अध्यायांवर थांबलेले होते. प्रवचनाला शोभेल असा हा शेवट नाही. ते पुढे नेले पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पाच वर्षे दूर राहिल्या. त्या बाईने ६४ अध्याय रचले. आता मला सांगा, टिळकांनी आयुष्यात सर्वांत शहाणपणाने घालवलेला वेळ कुठला? कवितेचा, की चिडत, पाटी फेकत, पुन्हा उचलून आणत बायकोला बाराखडी गिरवायला लावली तो? (पाटी फेकली हे माझे पदरचे. पण त्यांचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे.) टिळक माझ्यासारखे वेळापत्रक लिहीत असते तर त्यात 'बाराखडी' कुठल्या सत्रात बसली असती, मला सांगता येत नाही.

पौलाचे एक वाक्य आहे, इफिसकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायात. आपण ते 'वेळेचा सदुपयोग करा' असे सर्रास घेतो, आणि शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखे ते डोळ्यांवरून निघून जाते. मूळ ग्रीक क्रियापदात मात्र बाजार आहे: बाजारातून पैसे मोजून सोडवून घेणे. हे मी एका पुस्तिकेत वाचले आणि मला एकदम आमचा सोनेतारण काउंटर आठवला.

नऊ वर्षे मी त्या काउंटरवर काढली. (कुठल्या अर्थाने काढली ते विचारू नका.) कापडी पिशवीत बांगड्या, पोत, मंगळसूत्र, वजन, कस, सील. लग्नसराईच्या आधी सोडवायला गर्दी. एक बाई दर दिवाळीला तीच पाटली सोडवायची आणि फेब्रुवारीत तीच पुन्हा ठेवायची. वस्तू तिचीच, पण अंगावर वर्षातले साडेतीन महिने. मुद्दलाहून जास्त तिने व्याजच भरले असेल. मी एकदा बोललोही, तर म्हणाली, "भैयाजी, दिवाली के दिन हाथ में होना चाहिए."

वेळही गहाण पडतो, हे मला स्वतःच्या बाबतीत फार उशिरा कळले. मंडळीच्या कमिटीत एका गृहस्थांशी माझे बिनसले. कारण सांगायला लाज वाटते: चर्चच्या आवारातली विंधणविहीर कुठे घ्यायची. ते माझ्याबद्दल भर सभेत एक वाक्य बोलले आणि मी त्यांच्याशी बोलणे टाकले. अकरा वर्षे. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून आम्ही प्रभुभोजन घेत होतो. अंघोळ करताना, स्कूटर चालवताना, रात्री जाग आली की मी त्यांना मनातल्या मनात उत्तरे देत असे. फार सुंदर, निरुत्तर करणारी उत्तरे. त्याला दिवसाची दहा मिनिटे धरली तरी अकरा वर्षांचे ६६९ तास होतात, रोज आठ तासांच्या हिशेबाने ८३ दिवसांची नोकरी. एप्रिल २०२१ मध्ये ते करोनात गेले. तेव्हा इंदुरात कोण कुठल्या दवाखान्यात आहे हे घरच्यांनाही नीट कळत नव्हते. दफनाला पाचजण, मी त्यांत नव्हतो; दुरून फाटकाशी उभा होतो, मास्क लावून. सोडवून घ्यायला गेलो तेव्हा काउंटर बंद झाला होता, असेच म्हणायचे. विहिरीला पाणी चांगले लागले, त्यांनी सांगितलेल्या जागीच.

हे सगळे माहीत असूनही त्या दुपारी मी ४१ रेघा मारल्या, आणि रागानेच मारल्या. खोटे कशाला बोलू?

मार्कच्या पाचव्या अध्यायातला याईर मला आवडू लागला आहे. सभास्थानाचा अधिकारी. बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे म्हणून तो येशूच्या पाया पडतो आणि येशू त्याच्याबरोबर निघतो. आता एकेक क्षण मोलाचा. आणि वाटेत गर्दीत बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली एक बाई झग्याला शिवते, बरी होते. इथवर ठीक आहे. बाई बरी झाली, चला पुढे. पण येशू थांबतो. मला कोण शिवले, विचारतो. शिष्य म्हणतात, एवढ्या गर्दीत हे काय विचारणे? तो हलत नाही. बाई कापत कापत पुढे येते आणि सगळी हकिकत सांगते. सगळी. बारा वर्षांची, वैद्यांना घातलेल्या पैशांसकट. ती बोलत असतानाच याईराच्या घरून माणसे येतात: मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता?

या गोष्टीवर प्रवचने पुष्कळ ऐकली. बाईच्या विश्वासावर, मुलीच्या उठण्यावर. ती बाई बोलत होती तेव्हा बाजूला उभा असलेल्या याईराचे काय, हे कुणी सांगत नाही. तो एकही शब्द बोलल्याचे मार्काने लिहिलेले नाही. मी त्याच्या जागी असतो तर म्हणालो असतो, बाई, उद्या सांगा. बारा वर्षे थांबलात, एक दिवस थांबा. मला वाटते त्यानेही मनात म्हटले असणार. नसेल तर तो माझ्याहून फार वरचा माणूस होता.

रेघा मारून कंटाळल्यावर मी खोटे सांगायला लागलो. आत्याने विचारले की सांगायचे, "पाच वाजले." कारण पाचला चहा, आणि चहा म्हटले की ती दहा-पंधरा मिनिटे शांत राहते. वहीतला परिच्छेद पुरा होतो. चार-पाच दिवस हे चालले. सहाव्या दिवशी तिने भिंतीकडे बोट केले.

"पाच वाजता ऊन कपाटाला लागतं. अजून खुंटीवर आहे."

मी पाहिले. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा खुंटीवर होता. मोबाइलमध्ये चार वाजून दहा मिनिटे. माझ्या मुलाचे नाव विसरलेली, सकाळी जेवली की नाही हे विसरलेली बाई भिंतीवरून वेळ वाचत होती. मग ती मला का विचारत होती? हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. वही मिटली असे म्हणणार नाही. उघडीच राहिली, पण खाटेजवळ खुर्ची ओढली.

तेव्हापासून दुपारचे दुसरे सत्र बहुतेक तसेच जाते. इतिहास १९३१ सालाशी अडला आहे. त्या वर्षाच्या रजिस्टरात छप्पर गळण्याची तक्रार तीन बैठकांत आहे आणि चौथीत नाही, म्हणजे दुरुस्त झाले असावे किंवा सेक्रेटरी कंटाळला असावा. कधी मी ती पाने आत्याला मोठ्याने वाचून दाखवतो. ती ऐकते, मधेच म्हणते, "आजी कुठल्या बाकावर आहेत?" आणि मी बाक सांगतो. बायको पोह्यांवर सेव घालून आणते, आत्या सेव आधी वेचून खाते. काही दुपारी मी अजून चिडतो. परवा तर उठून गच्चीवर गेलो आणि वीस मिनिटे पाण्याच्या टाकीशी नुसता उभा राहिलो.

काल मात्र तिने किती वाजले ते विचारले नाही. माझा हात तिच्या चादरीवर होता, तो तिने उचलून उलटा केला आणि मनगटावर तीन बोटे ठेवली. दाब अगदी तोलून मापून. एवढ्या वर्षांनी बोटांना बरोबर जागा सापडली. मग हनुवटी खाली घेऊन छातीच्या डाव्या बाजूला पाहिले. तिथे गाऊनचे बटण होते. ती त्या बटणाकडे पाहत राहिली आणि तिचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन. तिसाच्या पुढे कुठेतरी गडबड झाली, थांबली. पुन्हा एकपासून.

बाहेर गल्लीतून भंगारवाला हाका मारत गेला. माझी पाठ अवघडली होती आणि मी जरा सावरून बसायला गेलो, तशी तिची बोटे घट्ट झाली.

"हिलो मत बाबूजी," ती म्हणाली, वॉर्डातल्या आवाजात. "हाथ ढीला छोड़ो."

मी हात सैल सोडला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.